मत्स्यपेटीची घडवंची

जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बुटकी, दणकट लाकडी बैठक असे. तिच्यावर पाण्याने भरलेले हंडे, घागरी आणि कळशा ओळीने मांडलेल्या असत. तिचे नाव घडवंची. घराच्या सामानात ती कोणाच्या डोळ्यांत भरत नसे आणि पाहुण्यांना ती कौतुकाने कोणी दाखवीतही नसे. परंतु ती घडवणाऱ्या सुताराला एक गोष्ट नेमकी ठाऊक असे. पाणी दिसते त्याहून फार जड असते आणि ते दिवसरात्र, बारा महिने, त्या लाकडावर बसून राहणार असते. म्हणून तो पाय जाड ठेवी, आडव्या पट्ट्या उभ्या धारेवर बसवी आणि सांध्यांत लाकूड लाकडावर टेकेल अशी काळजी घेई. पुढे नळ आले, टाक्या आल्या, हंडे माळ्यावर गेले आणि घडवंची हा शब्दही बोलण्यातून मागे पडला.

आता तेच पाणी दुसऱ्या रूपाने घरात परतले आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची मत्स्यपेटी, म्हणजे घरोघर ज्याला फिश टँक म्हणतात ती, ठेवण्याची हौस वाढली आहे. मुलांचा हट्ट असतो, वाढदिवसाची भेट असते, कधी वास्तूत पाणी असावे अशी समजूत असते. रविवारी सकाळी पेटी, दगडगोटे, दिवा आणि मासे एकदमच घरी येतात आणि मग प्रश्न पडतो, की हे ठेवायचे कशावर? टीव्हीचे कपाट, चपलांचा कप्पा, मुलांचे अभ्यासाचे टेबल, जे मोकळे सापडेल ते पुढे ओढले जाते. वास्तविक हा प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा. म्हणून या वेळच्या लेखात मासे, वनस्पती आणि सजावट यांना बाजूला ठेवून केवळ त्या पेटीखालच्या लाकडी बैठकीचा विचार करू.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न टाळता येणार नाही. आपल्यापैकी अनेक वाचक विचारतील, की जीव काचेत कोंडून ठेवावाच का? प्रश्न योग्य आहे आणि तो पेटी विकत घेण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून सोडवावा. विचारान्ती उत्तर नकारार्थी आले, तर गोष्ट तेथेच संपली आणि त्यात कोणाचेही नुकसान नाही. परंतु पुष्कळदा मासे घरात येऊन चुकलेले असतात. ते परत नदीत किंवा तलावात सोडून देणे हा मार्ग नव्हे. परक्या पाण्यातील मासा तेथे बहुधा तगत नाही आणि तगला, तर तेथल्या मूळच्या माशांचे जिणे कठीण करतो. अशा वेळी त्या जिवांची जबाबदारी आपली होते. उंदराला पळून जाता येते, चिमणीला उडून जाता येते. पेटीतील माशाला मात्र आपण जेथे ठेवू तेथेच राहावे लागते. त्याच्या पाण्याखालचा आधार खचला, तर त्याला जाण्यास जागा नाही. आपण ज्याला जयणा म्हणतो, तिचा येथे अगदी साधा अर्थ होतो: त्याच्या पायाखालची, म्हणजे त्याच्या पाण्याखालची भूमी आपण पक्की करून द्यावी.

आता ओझ्याचा हिशेब करू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. बाजारात सर्रास मिळणारी पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर लांब, ३०.५ रुंद आणि ३८ उंच असते. तिचे आकारमान सत्तर लिटर भरते. काठ थोडा मोकळा सोडला आणि तळाशी दोन इंच खडी घातली, तर पाणी अठ्ठावन्न लिटरांच्या आसपास राहते. सहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन तेरा किलो, खडीचे पंधरा किलो. त्यात झाकण, दिवा आणि गाळणयंत्र मिळवले, की बेरीज जवळजवळ नव्वद किलो होते. टेबलावर एक धडधाकट माणूस उभा राहिला आणि वर्षानुवर्षे खाली उतरलाच नाही, अशी कल्पना केली म्हणजे हे ओझे नीट ध्यानात येईल.

पेटी मोठी होते तसे वजन झपाट्याने चढते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटी डोळ्यांना लहान पेटीच्या दीडपट वाटते. भरल्यावर तिचे वजन सव्वादोनशे किलोंच्या पुढे, म्हणजे सुमारे अडीचपट होते. अभ्यासाचे टेबल वह्या, पुस्तके आणि कोपर यांच्यासाठी केलेले असते. टीव्हीचे कपाट हल्लीच्या हलक्या टीव्हीसाठी असते. ते बनवणाऱ्याची त्यात काही चूक नसते. त्याला पाण्याचे ओझे कोणी सांगितलेलेच नसते.

यात काचेची बाजू आणखी नाजूक आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यानंतर दीर्घकाळ घरगुती पेट्यांना लोखंडी चौकट असे आणि तिच्यात काचा लांबीने बसवलेल्या असत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हाही घरातल्या पेट्या बहुधा अशाच होत्या. त्या चौकटीमुळे पेटी स्वतःचा तोल बऱ्याच अंशी स्वतः सांभाळी. पुढे सिलिकोन आले आणि काचेला काच थेट चिकटवता येऊ लागली. पेटी देखणी झाली, चौकट गेली. आज आपल्याकडे स्थानिक कारागीर करतात त्या पेटीला तळाची काच आणि तिच्याभोवती उभ्या चार काचा, एवढेच असते. काच दाब सोसते, पीळ सोसत नाही. बैठकीचा एक कोपरा जरा खाली गेला, तर तो पीळ काचेत आणि सिलिकोनच्या सांध्यात उतरतो. पेटी त्या दिवशी फुटेलच असे नाही. ती सहा महिन्यांनी, मध्यरात्री, काहीही निमित्त नसताना गळू लागते आणि घरचे लोक काचेला दोष देतात.

या ओझ्याला पेलण्याची रीत आपल्या जुन्या वाड्यांत उभी आहे. वाड्याचा खांब पाहा. खांब खाली दगडी तळखड्यावर उभा असतो. त्यामुळे जमिनीची ओल लाकडाच्या टोकात चढत नाही. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट अशी उतरंड असते. वरच्या मजल्याचे ओझे पाटावरून कडीवर, कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून दगडावर उतरते. या संपूर्ण प्रवासात ते कोठेही खिळ्यावर लटकत नाही. खिळा असलाच तर तो लाकूड जागेवरून सरकू नये एवढ्यापुरता. मत्स्यपेटीच्या बैठकीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे: ओझे लाकडाने लाकडावर द्यावे, खिळ्याने व स्क्रूने केवळ जागा धरावी.

हल्लीच्या तयार टेबलांत नेमके याच्या उलट असते. आडवी पट्टी दोन पायांच्या मध्ये धरतात आणि बाजूने दोन स्क्रू मारतात. वरचे सर्व ओझे त्या दोन स्क्रूंच्या दांड्यांवर येते. नवे असताना ते टिकते. पुढे ओलीने लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, स्क्रूभोवतीचे भोक मोठे होत जाते आणि पट्टी केसाएवढी खाली येते. काचेला तेवढे पुरते.

बैठक बिघडते ती तीन प्रकारांनी: ती वाकते, ती डुलते किंवा ती भिजून फुगते. या तिन्हींचा बंदोबस्त झाला, की काम झाले. पाय चिरडून मोडतील अशी भीती सर्वांना वाटते, पण ती अनाठायी आहे. दोन इंच चौरस जाडीचे चार सागवानी पाय घेतले, तर नव्वद किलोंच्या पेटीसाठी दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोसुद्धा भार येत नाही. उभ्या धाग्याचे लाकूड याच्या कित्येक पट भार सहज पेलते. धोका पायात नसून सांध्यात आणि आडव्या पट्टीत असतो.

प्रथम वाकण्याचा विचार. मुलाची लाकडी फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून वाकवा, बोटानेही वाकते. तीच उभ्या धारेवर धरून वाकवून पाहा. दोन्ही हातांनी जोर केला तरी दाद देत नाही. लाकूड तेच, फक्त उभे धरले. चार इंच रुंद आणि एक इंच जाड पट्टी सपाट ठेवली असता जेवढी वाकते, त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढीच ती उभ्या धारेवर वाकते. म्हणून वरच्या चौकटीच्या पट्ट्या नेहमी उभ्या धारेवर बसवाव्यात. दुसरे असे, की तेवढेच एकूण ओझे असताना दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर बाक आठपट होतो. म्हणून दोन फुटांच्या पेटीला चार पाय पुरतात; तीन फुटांच्या पुढे मात्र मध्यभागी आणखी दोन पाय द्यावेत आणि चार फुटांच्या पेटीला तर त्याविना चालणारच नाही.

दुसरे डुलणे. चार पाय आणि चार पट्ट्या यांची चौकट कितीही घट्ट असली, तरी बाजूने रेटली असता ती तिरकी होऊ पाहते. पेटीतील पाणी हलले, की त्याचा हेलकावा या तिरकेपणास मदत करतो. घरात नुकतेच उभे राहू लागलेले मूल असेल, तर ते हाताला लागेल त्याला धरून उठते आणि बैठकीची पट्टी त्याच्या हाताच्या उंचीवरच असते. हा धोका फार मोठा आहे. मूल खाली आणि नव्वद किलो वर. त्यावर उपाय सोपा व स्वस्त आहे. मागच्या बाजूस नऊ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक अखंड तुकडा चारही कडांना डिंक व स्क्रू लावून बसवावा. चौकट लगेच ताठ होते. दोन्ही बगलांनाही तसाच लहान तुकडा बसवला, तर उत्तमच. शिवाय लहान मूल असलेल्या घरात बैठक मागच्या भिंतीला दोन लोखंडी कोनांनी जखडून टाकावी.

तिसरे भिजणे. मत्स्यपेटीभोवती पाणी सांडणारच. दर आठवड्याला पाणी बदलताना थेंब पडतात, झाकणावरची वाफ ओघळते, हवेच्या नळीवाटे पाणी उलटे उतरते. बाजारातील स्वस्त कपाटे भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचा चकचकीत कागद पाणी अडवतो. कडेने पाणी शिरले, की फळी बिस्किटासारखी फुगते आणि तिच्यातील स्क्रू सैल होतात. एमडीएफचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. म्हणून ही दोन्ही साहित्ये मत्स्यपेटीच्या बैठकीसाठी वर्ज्य समजावीत.

मग लाकूड कोणते घ्यावे? सागवान सर्वांत चांगले. त्यात नैसर्गिक तेल असते, ओलीने ते फारसे फुगत नाही आणि वाळवी व कीड त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. महाग वाटत असेल, तर जुन्या वाड्यांचे लाकूड विकणाऱ्या वखारीत जावे. तेथे चौकटींचे, कड्यांचे सागवान मिळते. ते अनेक दशके वाळलेले असल्याने नव्याने आकसण्याची भीती नसते आणि त्यासाठी नवे झाड तोडावेही लागत नाही. कापण्यापूर्वी त्यात जुने खिळे दडलेले नाहीत ना, हे मात्र पाहावे आणि किडीची बारीक भोके असलेला तुकडा घेऊ नये. नवे लाकूड घेताना ते चांगले वाळलेले हवे. पावसाळ्यात घेतलेले लाकूड चैत्रात सांधे उघडते. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत काढावे. वरच्या फळीसाठी अठरा मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवूड घ्यावे. त्याच्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो स्वतः पाहून घ्यावा.

सांधे चिकटवण्याच्या डिंकाविषयी आणि पॉलिशविषयी आपल्या घरांत विशेष चौकशी होते, ती योग्यच आहे. जुने सुतार वापरीत तो सरस जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला असे आणि तो पाण्याने विरघळतो. म्हणजे आपल्या आचाराच्या दृष्टीने व कामाच्या दृष्टीने, दोन्हीकडून तो नको. आजचा पांढरा कृत्रिम डिंक त्याची जागा घेतो. त्यातही पाण्याला टिकणारा प्रकार मागून घ्यावा. तसेच जुन्या पद्धतीचे फ्रेंच पॉलिश लाखेचे असते. लाख ही किड्यांपासून मिळते आणि पाणी पडले, की त्या पॉलिशवर पांढरे डाग उठतात. येथेही दोन्ही कारणे एकाच दिशेला बोट दाखवतात. त्याऐवजी पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत आणि प्लायवूडच्या कापलेल्या कडांना एक हात अधिक द्यावा, कारण पाणी शिरते ते कडेनेच.

आता प्रत्यक्ष घडण. स्वतः करावी किंवा सुताराकडून करवून घ्यावी. पण सुताराला काय सांगायचे हे आपल्याला ठाऊक असावे. दोन फुटी पेटीच्या बैठकीचे माप असे ठेवता येईल. आधी पेटीच मोजावी. दुकानातील चिठ्ठीवरचे माप व प्रत्यक्ष माप यांत पाव-अर्धा इंचाचा फरक सहज असतो. बैठकीची वरची चौकट पेटीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच मोठी, म्हणजे पंचवीस इंच बाय तेरा इंच धरावी. पेटीची काच बैठकीबाहेर एक सूतभरही लोंबता कामा नये. उंची तीस इंच ठेवली, तर खुर्चीवर बसलेल्या आजोबांना आणि उभ्या असलेल्या नातवाला मासे सारखेच दिसतात.

पाय दोन बाय दोन इंचांचे, पट्ट्या तीन बाय एक इंचाच्या. प्रत्येक पायाच्या माथ्याला बाहेरच्या दोन्ही अंगांनी तीन इंच उंच आणि एक इंच खोल खाच घ्यावी. खाचेखाली जो खांदा राहतो, त्याच्यावर पट्टी उभ्या धारेने बसते. समोरची व मागची पट्टी पूर्ण लांबीची ठेवावी. बगलेच्या पट्ट्या त्यांच्यामध्ये बसवाव्यात, पण त्याही आपापल्या खांद्यावर टेकलेल्या हव्यात. पट्टी खांद्यावर टेकल्यावर तिच्यात आणि पायात डिंक लावून आतून स्क्रू घ्यावेत. स्क्रूपूर्वी बारीक ड्रिलने भोक पाडावे, नाही तर पट्टीचे टोक चिरते. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत. मध्यभागी पुढून मागे एक आडवी पट्टी द्यावी. खाली जमिनीपासून पाच-सहा इंचांवर तशीच, पण साधी चौकट फिरवावी, म्हणजे पाय फाकत नाहीत आणि खालून फडके मारता येते. वर प्लायवूडची फळी बसवावी.

डिंक लावण्यापूर्वी सगळे तुकडे कोरडेच जुळवून पाहावेत. गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासावा आणि नंतर चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चौकट काटकोनात आहे. फरक आला, तर लांब कर्णाची टोके हलकेच दाबून ती जाग्यावर आणावी. हे मोजमाप नातवंडांकडून करून घेण्यासारखे आहे. भूमितीच्या पुस्तकातील आयताचा गुणधर्म खरोखर उपयोगी पडतो, हे त्यांना हातात दोरी धरल्यावर जितके पटते तितके फळ्यावर पटत नाही. काचकागदाने लाकूड घासण्याचे कामही त्यांना द्यावे. करवत व पटाशी मात्र मोठ्यांच्याच हाती राहावी.

डिंक रात्रभर आवळून ठेवावा. पॉलिश झाल्यावर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत बैठकीवर पेटी ठेवू नये. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो आणि तिच्याबरोबर तो वासही पाण्यात जातो. पायांखाली रबराचे किंवा दगडाचे लहान तुकडे द्यावेत, ते आपले तळखडे.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. काच आणण्यापूर्वी बैठकीची परीक्षा घ्यावी. पंचवीस किलोंची तांदळाची चार पोती एकावर एक रचली, की शंभर किलो झाले. ती दोन दिवस तशीच राहू द्यावीत. समोरच्या पट्टीच्या खालच्या धारेला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून धरावा. पट्टी व दोरा यांच्या मध्यभागी बाक दिसत नाही ना, ते पाहावे. बाजूने हाताने हलका रेटा द्यावा. काही कुरकुरले, काही हलले, तर ते दुरुस्त करण्याची वेळ हीच. तांदळाचे पोते घसरले तर झाडून भरता येते.

जागा निवडतानाही तोच विचार. सदनिकेत पेटी भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या जवळ ठेवावी. खोलीच्या मध्यभागी ठेवू नये. राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी आपल्याकडील मानकात दर चौरस मीटरला दोनशे किलोंचा भार धरतात. दोन-तीन फुटांची पेटी भिंतीलगत सहसा त्रास देत नाही. चार फुटांच्या पुढची पेटी आणण्यापूर्वी अभियंत्याला विचारावे. लाकडी माळ्याच्या जुन्या घरात बैठकीची लांबी कड्यांना आडवी ठेवावी, म्हणजे ओझे एकाच कडीवर न येता अनेक कड्यांवर वाटले जाते. विजेचा खटका पेटीच्या अगदी खाली नसावा आणि प्रत्येक वायरीला खटक्यापेक्षा खाली एक झोका द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतो.

पेटी ठेवण्यापूर्वी पाणसळ लावून बैठक लांबीत व रुंदीत समपातळीत आणावी. पाचर द्यायची ती पायाखाली. काचेखाली कधीही नाही. सपाट काचेच्या तळाची पेटी असेल, तर तिच्याखाली थर्मोकोलची किंवा फोमची अखंड पातळ चटई घालावी. तळी अडकलेला एखादा कणही तीत बुडून जातो. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या तयार पेटीला मात्र ही चटई घालू नये, कारण तिचे ओझे त्या चौकटीवरच बसावे अशी तिची रचना असते. मग पाव पेटी भरावी. पाण्याचा पृष्ठभाग स्वतःच सर्वांत प्रामाणिक पाणसळ आहे. दोन्ही टोकांना पाणी काठापासून सारख्याच अंतरावर दिसले पाहिजे. फरक असेल, तर पाणी काढून पुन्हा पाचर द्यावी. बरोबर असेल, तर अर्धी, मग पूर्ण भरून एक दिवस नुसती पाहत बसावी.

मासे त्यानंतरही लगेच आणावयाचे नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो. तो त्यांना घातक असतो. त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जीव नव्या पाण्यात व खडीत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ बैठकीलाही उपयोगी पडतो. लाकूड ओझ्याखाली स्थिर होते, गळती असेल तर दिसते, पातळी बदलली तर कळते, आणि या सर्व चुका एकाही जिवाला न दुखवता सुधारता येतात.

पुढे महिन्यातून एकदा, पाणी बदलण्याच्या दिवशी, बैठकीच्या मागून हात फिरवावा. ओल लागते का, सांध्यात फट पडली आहे का, पायाखालची पाचर सरकली आहे का, एवढे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. वाळवी दिसली, तरी बैठकीवर औषध फवारू नये. घरगुती कीटकनाशकांत सर्रास असणारी पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात. घरात अन्यत्र फवारणी करणे भागच पडले, तर आधी हवेचा पंप बंद करून पेटी घट्ट झाकावी आणि खोलीतील हवा पूर्ण बदलल्याशिवाय उघडू नये. तेवढा वेळ फार होत असेल, तर मासेच दुसऱ्या घरी हलवावेत. त्याहून बरे म्हणजे लाकूड कोरडे ठेवावे, कारण वाळवी येते ती ओलीच्या मागोमाग.

या साऱ्या कामाला तीन-चार सुट्टीचे दिवस लागतात. पेटी भरल्यावर त्यातले काहीही दिसत नाही. पाहुणे मासे पाहतात, दिवा पाहतात, हिरवी पाने पाहतात. खांद्यावर टेकलेली पट्टी, सारखे भरलेले कर्ण, पायाखालचा लहानसा दगड यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जावे अशी गरजही नाही. घरात मत्स्यपेटी आणण्याचा विचार चालू असेल, तर या रविवारी माशांच्या दुकानाऐवजी मुलांना घेऊन लाकडाच्या वखारीत जावे आणि घडवंची म्हणजे काय, हे त्यांना तेथेच सांगावे.